संपत, तुझं पोट अजून शिवायचं होतं

संपत,

शुक्रवारी इथे कतारमध्ये, बरवा कामगार वस्तीतल्या तुझ्या खोलीत सगळे जमले होते. तुझ्या खाटेवर तुझा फोटो ठेवला होता, लायसन्सचाच मोठा करून आणलेला, त्यात तू चोर दिसतोस. मल्याळी दुकानातून कुणीतरी मोगऱ्याचा गजरा आणून त्याला घातला होता. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलायला लागला. "देवमाणूस होता." "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." "चांगली माणसं देवाला लवकर आवडतात."

माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि चपला घालून बाहेर निघून गेलो. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. मला राग आवरत नव्हता. देवाला आवडला म्हणे! देवाच्या दारातून तुला परत आणलं होतं, टप्प्याटप्प्याने, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटचा एक टप्पा राहिला होता. तेवढा तू केला नाहीस. हे त्या खोलीत एकानेही म्हटलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहा, असं मला सांगितलंय. तू कुठे जन्मलास, किती शिकलास, ते दुसरं कुणीही लिहील. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

आधी एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. आज माझं परांच्यांचं आणि पाइपांचं यार्ड आहे, गेटवर माझं नाव आहे, वक्रा गावात बायको-मुलीसह राहतो, ते माझ्या जिभेवर मिळवलं. पण ही जीभ तुझ्याशिवाय केव्हाच मला घेऊन बुडाली असती. मी सौद्याला बसलो की समोरचा एक बोलला तर मी दोन बोलणार, तो उठला तर मी टेबल उलथणार. तू तुझ्या कंपनीचा ट्रेलर बाहेर लावून आत यायचास, कोपऱ्यात उभा राहायचास आणि माझा आवाज चढला की म्हणायचास, "शेठ, चला, चहा पिऊन येऊ." सौदा अर्धा टाकून तू मला बाहेर काढायचास. टपरीवर कडक पाजायचास. मी शिव्या देत असायचो, तू बिस्किट बुडवत असायचास. डोकं गार झालं की म्हणायचास, "आता चला परत." आणि मी परत जाऊन तोच सौदा जमवायचो.

हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

ऑगस्टची दुपार होती. पाइपांचा गठ्ठा घसरला आणि तू ट्रेलर आणि भिंत यांच्या मध्ये चेमटलास. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तुला आत घेतलं होतं. मी बसलो. अशी ऑपरेशनं संध्याकाळपर्यंत चालतात, असं माझं गणित. पण बसलो न बसलो तोच डॉक्टर बाहेर आले. ट्युनिशियाचे, उंच, डोळे तांबारलेले. सावकाश इंग्रजी बोलायचे, मला समजावं म्हणून.

"इतक्यात झालं?" मी विचारलं.

"नाही झालं. थांबलो."

"थांबलो म्हणजे?"

"लिव्हर फाटलंय. त्याच्याभोवती कापडाच्या घड्या दाबून ठेवल्यात. आतडं दोन ठिकाणी तुटलंय, त्याची टोकं बांधलीत, जोडलेली नाहीत. पोट उघडंच आहे. वर प्लॅस्टिक लावलंय."

माझ्यातला यार्डवाला उठून उभा राहिला. म्हटलं, "साहेब, अर्धं काम टाकून आलात? माझ्या यार्डात असं कोणी केलं तर मी गेटबाहेर काढतो त्याला."

ते चिडले नाहीत. माझ्याशेजारी खुर्चीवर बसले. म्हणाले, "तो गार पडला होता. त्याचं रक्त गोठत नव्हतं, जिथे हात लावीन तिथून झिरपत होतं. सगळं नीट शिवत बसलो असतो तर शिवण छान झाली असती आणि माणूस टेबलावर गेला असता. रक्तस्राव थांबवला, घाण थांबवली, बाहेर आलो. आता त्याला गरम करू, रक्त देऊ. अंगात जीव आला की परत आत जाऊन बाकीचं करू."

संपत, मी डॉक्टर नाही. दहावी नापास आहे. पण ते बोलत होते आणि माझ्या कानात तुझाच आवाज येत होता. सौदा तुटायला आलाय, उठा, चहा पिऊन येऊ, मग परत बसू. जे तू माझ्यासाठी उभा जन्म करत आलास, ते त्या माणसाने तुझ्यासाठी केलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "यल्ला, चला डॉक्टर, करा तुम्हाला हवं तसं."

आयसीयूत तुला पाहिलं. बाहेर उन्हानं माणसं चक्कर येऊन पडत होती आणि आत तुझ्यावर गरम हवेचं पांघरूण फुगलं होतं, कारण तुझं अंग तापतच नव्हतं. पोटावर पारदर्शक प्लॅस्टिक. केरळची नर्स म्हणाली, "अंकल, मत देखो." मी बघितलं. आत तू हलत होतास. माणूस आतून असा हलत असतो हे मला त्या दिवशी कळलं. तुला इतक्या जवळून तुझ्या बायकोनेसुद्धा पाहिलेलं नाही.

आणि इथेच घोटाळा झाला. तुझ्या खोलीतल्या कुणीतरी गावच्या ग्रुपवर आवाज पाठवला, "संपतचं ऑपरेशन सक्सेस झालं." काळजीपोटी पाठवला असेल. आपल्या गावात ऑपरेशन म्हणजे एकच. माणूस आत जातो, बाहेर येतो, सक्सेस किंवा फेल. अण्णा, म्हणजे तुझे थोरले बंधू, तडक भैरोबाला गेले, नारळ फोडला आणि नवस बोलले, की संपत पायावर उभा राहिला की वेशीपासून देवळापर्यंत दंडवत घालेल.

त्यानंतर तुला परत थिएटरात नेलं, तसा त्यांचा फोन.

"दिनकरराव, परत फाडलं म्हनं त्याला? सक्सेस झालं हुतं न्हवं?"

"अण्णा, तो पहिला टप्पा होता. आता आतल्या घड्या काढायच्यात, आतडं जोडायचंय."

"आतल्या घड्या? पोटात फडकी इसरली त्यांनी?"

"विसरली नाहीत, ठेवली होती. मुद्दाम."

"फडकी मुद्दाम कोन ठेवतं पोटात? तुमी तिथं असून काय करताय? त्याला हिकडं आना."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत झालं, की कतारच्या डॉक्टरांनी संपतच्या पोटात फडकी विसरली. तुझ्या घरून सुनंदावहिनी फोनवर रडत होत्या, नवऱ्याच्या काळजीनं. मी समजावून सांगितलं. ती बिचारी "व्हय भावजी, व्हय" म्हणत होती आणि मागून अण्णा तिला सांगत होते, "त्यो बी त्यांनाच सामील हाय."

मी सामील! मी इकडे सगळी कामं टाकून आयसीयूच्या दारात उभा, आणि मी सामील.

घड्या निघाल्या. आतडं जोडलं. पण पोट इतकं सुजलं होतं की मिटेना. डॉक्टर म्हणाले, जबरदस्तीने ओढून मिटवलं तर फुप्फुसं दबतील, किडनी बंद पडेल. म्हणून जाळी लावली, थांबले, मग मांडीची कातडी काढून आतड्यावर लावली. आतडं आणि बाहेरचं जग यांच्यात तुझी ती पातळ कातडी, बस. स्नायू नाही, भिंत नाही. "हा मुक्काम आहे," डॉक्टर म्हणाले, "घर नाही. बरेच महिने जातील. खालची सूज विरली की कातडी सुटी होईल. मग शेवटचं ऑपरेशन. स्नायू जवळ आणायचे आणि खरं बंद करायचं."

तू हे सगळं ऐकलंस. मान हलवलीस. हिंदीत "समझ गया, डॉक्टरसाब" म्हणालास.

कंपनी तुला घरी पाठवायला निघाली होती. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. त्या मॅनेजरला म्हणालो, माणूस अर्धा दुरुस्त करून पार्सल पाठवता काय? तो म्हणाला, इन्शाल्ला बघू. मी म्हणालो, बघू नको, मी इथेच बसलोय. चार वेळा गेलो. शेवटी तुझा इथे राहायचा परवाना चालू ठेवायचं आणि शेवटचं ऑपरेशन होईपर्यंत तुला त्यांच्या गेटवर बसून काम द्यायचं कबूल करून घेतलं. आयुष्यात केलेल्या सौद्यांत मला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता. होता, म्हणतो.

गेटवर तू पट्टा आवळून बसायचास. पोट पुढे आलेलं. मी डबा घेऊन आलो की म्हणायचास, "शेठ, आठवा लागलाय. डोहाळजेवण करा की." मी म्हणायचो, "बाप कोण ते सांग आधी." तू हसायचास आणि हसताना दोन्ही हातांनी पोट धरायचास, कारण हसलं की ते बाहेर यायचं. त्या महिन्यांत आपण जितके हसलो तितके आधी सगळ्या वर्षांत मिळून हसलो नव्हतो. त्याबद्दल तुझे आभार. राग एका बाजूला, ते एका बाजूला.

एकदा तिथेच तू म्हणालास, "शेठ, आयसीयूत मी जागा असायचो. घशात नळी, हात बांधलेले. तहान लागायची. सगळी माझ्याभोवती फिरायची आणि मला पानी म्हनता यायचं न्हाई." एवढंच बोललास आणि समोरून आलेल्या ट्रकचा नंबर बघायला उठलास.   मीसुद्धा त्या ट्रककडेच बघत बसलो.

दर भेटीत डॉक्टर तुझ्या पोटावरची कातडी चिमटीत धरून बघायचे. आतड्याला चिकटलेली असायची, उचलली जायची नाही. "अजून नाही." पुढच्या खेपेला परत चिमटा. "अजून नाही." तू गेटवर बसून स्वतःच चिमटे काढून बघायला लागलास, पिकलंय का बघावं तसं. आणि एक दिवस त्यांच्या चिमटीत कातडी अलगद वर आली, पापुद्र्यासारखी. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांचंच पोट. "आता," ते म्हणाले. तारीख दिली.

परतताना टपरीवर थांबलो. करक चहाचे कप हातात आले तेव्हा बोललास.

"शेठ, चार दिस गावाकडं जाऊन येतो."

"ऑपरेशन झाल्यावर जा."

"अण्णानं नवस बोललाय. मी उभा राहिलोय, चालतोय. फेडायला पायजे."

"देवाला सांग, एक टप्पा राहिलाय. तो झाला की फेडतो."

"देवाला टप्पे कळत न्हाईत, शेठ."

"मग कळतं काय त्याला? आणि दंडवत घालणार तू? ह्या पोटावर? खाली काय आहे माहितेय का, आतडं आहे थेट!"

"पट्टा बांधीन की."

मी कप फेकला. टपरीवरचा नेपाळी पोरगा बघत राहिला. तू खाली वाकून कप उचललास आणि डब्यात टाकलास. म्हणालास, "येतो की वो तारखेला. इन्शाल्ला."

"मला इन्शाल्ला नको, शब्द दे."

"दिला."

संपत, तू मला शब्द दिला होतास. आणि तुझ्या शब्दावर मी तो डॉक्टरांना दिला होता.

मग तो व्हिडिओ आला. वेस, ढोल, गुलाल, आणि रस्त्यावर तू. पालथा पडतोस, हात पुढे, उठतोस, पाऊल टाकतोस, परत पालथा. शर्टाच्या आतून पट्टा दिसतो. अण्णा शेजारून चालतायत, चेहरा असा की कुस्ती मारलीय. लोक "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणतायत. माझी मुलगी मागून बघत होती, म्हणाली, "बाबा, इज ही ओके?" मी तिच्यावरच खेकसलो. तिचा काय दोष!

फोन लावला तर अण्णांनीच घेतला. "बगितलं न्हवं? एक कळ आली न्हाई त्याला. देवानं पुरा बरा केलाय. आता काय ऱ्हायलंय फाडायला? नवस फिटल्यावर परत सुरी लावायची म्हंजे देवाच्या तोंडात मारल्यागत हाय."

"अण्णा, नवस तुम्ही एक टप्पा आधी फेडलात."

"टप्पा बिप्पा ह्यो तुमचा धंदा झाला."

तू फोनवर आलास. "बघू की शेठ. पाडव्यानंतर." तारीख गेली. मी डॉक्टरांच्या हातापाया पडून दुसरी मिळवली. "बघू की." तीही गेली. मी शिव्या दिल्या, तू ऐकून घेतल्यास. मी गोड बोललो, तू ऐकून घेतलंस.

आता ऐक. मला माहीत होतं, ते देवामुळे नव्हतं. तुला ती नळी आठवत होती. ते बांधलेले हात. परत तिथे जायची तुझी तयारी नव्हती आणि अण्णांनी तुला लपायला देऊळ दिलं. भीती वाटते, एवढं म्हणाला असतास तर मी काहीतरी केलं असतं रे. नर्सच्या हातापाया पडून तुझ्या उशाशी उभा राहिलो असतो, तहान लागली की तुझ्या डोळ्यांवरून ओळखलं असतं, ओठ भिजवले असते. भीतीशी सौदा करता येतो. तू मला भैरोबासमोर उभं केलंस, आणि तिथे माझी घासाघीस चालत नाही. तेही तुला ठाऊक होतं, लबाडा.

तू मला किती वेळा बाहेर काढलंस, चहा पाजलास, पण प्रत्येक वेळी परत नेलंस. चहा पिऊन घरी जायचं नसतं, संपत. परत जायचं असतं. मला शिकवलंस आणि स्वतः टपरीवरच बसून राहिलास.

पुढचं वहिनींनी सांगितलं. सकाळी पोटात कळ, उलट्या. अण्णांनी अंगारा लावला, ओव्याचं पाणी दिलं. दुपारी पोट दगडासारखं. तालुक्याच्या डॉक्टरने शर्ट वर केला, ते पोट बघितलं आणि म्हणाला, माझ्याच्याने होणार नाही, पुढे न्या. पुढे नेताना जीपमध्ये तू गेलास. आतडं पिळलं होतं म्हणे.

मी इथल्या डॉक्टरांना सांगायला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते उभे होते ते बसले. मी विचारलं, "शेवटचं ऑपरेशन केलं असतं तर?" ते म्हणाले, "आतडं तरीही अडकू शकलं असतं. ते ऑपरेशनही जोखमीचंच होतं. खात्रीने सांगता येत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा." ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "मला त्याचं पोट मिटवायचं होतं." मला त्यांचाही राग आला. एवढा शिकलेला माणूस, एक साधं हो म्हणत नाही.

काल वहिनींचा फोन आला. घरात पाहुणे होते, भांड्यांचा आवाज येत होता. अण्णांचा खोकला जवळच ऐकू येत होता, म्हणजे ते तिथेच उभे.

"भावजी, एक विचारू? खरं सांगा. ते आपरेशन केलं असतं तर हे वाचलं असतं का?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी किती दिवस वाट बघत होतो. उत्तर तोंडात तयार होतं, धार लावून. एक शब्द बोललो असतो तर तो थेट अण्णांच्या छातीत गेला असता. आणि वहिनी त्या शब्दाबरोबर, त्याच घरात, त्याच माणसासमोर रोज ताट वाढत, उरलेला जन्म काढत बसल्या असत्या.

"नाही सांगता येत, वहिनी," मी म्हणालो. "डॉक्टरपण तेच म्हणाले."

 वहिनी "बरं" म्हणाल्या, आणि मागचा खोकला थांबला.

ते उत्तर तिच्यासाठी होतं. तुझ्यासाठी नाही. तुझ्याशी मी एका शब्दानेही खाली उतरणार नाही, तू कितीही गप्प बसलास तरी.

तू वाचला असतास, संपत. वाचला असतास.